खिळ्यांची चाकं

गाडी थांबली. पण थांबायला हवी होती तिथे नाही, दीड हात पुढे जाऊन थांबली. मंगळवारची सकाळ, पावणेआठची वेळ, साप्पोरोतल्या आमच्या चढावरच्या गल्लीतून खाली उतरलं की पहिला सिग्नल लागतो तिथली गोष्ट. मी ब्रेक वेळेवर दाबला होता. हळूच दाबला होता, टायरवाल्या नागोशींनी शिकवला तसा टप्प्याटप्प्याने दाबला होता. चाकं फिरायची थांबली हे मला तळपायाला कळलं. गाडीला ते कळलं नाही. ती पांढऱ्या पट्टीवरून पुढे सरकत राहिली आणि तेवढ्या वेळात आवाज म्हणून कसलाच झाला नाही. समोरून एक बाई खारवायच्या मुळ्यांनी भरलेली ढकलगाडी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. मुळ्यांची पानं आणि माझ्या गाडीचं नाक यांच्यात वीतभर जागा उरली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांनीच मान लववून माफी मागितली. मीही मान लववली. आमच्याकडे अशीच रीत आहे, चूक कोणाची हे ठरायच्या आत दोघांनी माफी मागून मोकळं व्हायचं. त्या गेल्या. मागच्या सीटवर सासूबाई बसल्या होत्या. आरशात मला त्यांची लोकरी टोपी आणि अर्धा गाल दिसत होता. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बोलल्या असत्या तर मला उलटून काहीतरी म्हणता आलं असतं.

रुग्णालयाच्या दाराशी त्यांना उतरवलं. मंगळ, गुरू, शनी असं आठवड्यातून तीनदा त्यांचं रक्त यंत्रातून धुऊन घ्यावं लागतं. एकदा हातात सुया टोचल्या की चार तास हलायचं नाही. तीन वर्षं झाली या गोष्टीला. माझा नवरा शिगेकी बदली होऊन कुशिरोला एकटा राहायला गेला त्याला दीड वर्ष झालं, आणि तेव्हापासून ही ने-आण माझ्या गळ्यात आहे. गळ्यात म्हणते खरी, पण मला ती कधी जड झाली नाही. त्या तीन दिवशी मी कचेरीत दुपारी दोनला जाते, तशी परवानगी काढून ठेवली आहे. "साडेबाराला ये," सासूबाई दार लावताना म्हणाल्या, "घाई करू नकोस." हे त्या प्रत्येक वेळी म्हणतात. आज मात्र मी त्या शब्दांचा कीस पाडत बसले. घाई करू नकोस म्हणजे सावकाश ये, की म्हणजे मघाशी तू घाई केलीस? मघाशी मी घाई केली नव्हती. उलट साप्पोरोत त्या क्षणी माझ्याइतकी सावकाश चालणारी दुसरी गाडी नसेल. तरी ती घसरली, आणि का घसरली हे मला नेमकं माहीत होतं. ते माहीत असणं हीच सगळ्यात वाईट गोष्ट होती. रुग्णालयाच्या आवारात इंजिन बंद करून मी तशीच बसून राहिले. 

नवे टायर होते. बिनखिळ्यांचे. शनिवारी संध्याकाळी चढवले, आणि आज मंगळवार. नव्या बिनखिळ्या टायरवर साच्यातून निघतानाचा एक तुळतुळीत थर असतो. कोरड्या रस्त्यावर दोनशे किलोमीटर शांतपणे चालवून तो घासून काढावा लागतो, मग कुठे खालचं खरं रबर उघडं पडतं आणि बर्फ धरतं. आमच्याकडे याला कातडी सोलणं म्हणतात. पहिला बर्फ पडायच्या आधी, ऑक्टोबरअखेरीस, शहाणी माणसं नवे टायर चढवून रविवारी कुठेतरी लांब जाऊन येतात, पोराबाळांना आइसक्रीम खाऊ घालतात आणि येताना कातडी सोलून आणतात. नागोशींनी मला तीनदा सांगितलं होतं. "वहिनी, टायर कुठलाही घ्या, मापही तुमच्या मनाचं घ्या, पण बर्फाच्या आधी घ्या. कातडी न सोललेला टायर म्हणजे मेण लावलेला बूट." मी त्यांना म्हटलं होतं, "मला थोडा अभ्यास करू दे." अभ्यासात तीन आठवडे गेले. रविवारी बर्फ पडला, सोमवारी उन्हात वितळला आणि रात्रीत त्याची काच झाली. दोनशेपैकी माझे झाले होते सव्वीस किलोमीटर.

अभ्यास म्हणजे तेरा की चौदा. आमच्या गाडीची उन्हाळी चाकं चौदा इंची आहेत. हिवाळ्यासाठी शिगेकीने फार पूर्वी तेरा इंची लोखंडी चाकं आणली होती आणि त्यांच्यावर खिळ्यांचे टायर होते. प्रत्येक टायरात शंभरावर पोलादी खिळे. बर्फावर ते असे चावतात की गाडी भिंतीवरही चढेल असं वाटावं. बर्फ नसलेल्या रस्त्यावरून जाताना मात्र कटकटकट असा आवाज करत डांबर खरवडत जातात. नागोशींचं म्हणणं सरळ होतं. तेराच घ्या. टायरची भिंत उंच, पाऊल अरुंद, ताज्या बर्फात आत शिरून खालची जमीन धरतं. शिवाय लोखंडी चाकं घरची आहेत, त्यांच्यावरचे खिळ्यांचे टायर काढून टाकतो आणि हे चढवतो, झालं काम. मी वही काढली. तेरावर एकशे पंचाहत्तर रुंदी, चौदावर एकशे पंच्याऐंशी. दोन्हींचा घेर जवळपास सारखा, व्यासात जेमतेम तीन मिलिमीटरचा फरक. म्हणजे वेगाचा काटा खोटं बोलणार नाही. गाडीचं वजन, टायर जमिनीला टेकतो तेवढी जागा, काचेसारख्या बर्फावर काय, भुसभुशीत बर्फावर काय, असे तक्तेच्या तक्ते आखले. शेवटी म्हटलं, आपल्या चढावर भुसभुशीत बर्फ कमी आणि काच जास्त, तेव्हा रुंद टायर बरा. चौदा. नवी चाकंही घ्यावी लागली. नागोशींनी हात पुसत विचारलं, "आणि तेराची जुनी चाकं, खिळ्यांसकट?" मी म्हटलं, "राहू देत तूर्त. टाकू सावकाश." त्यांनी मान हलवली. त्या मान हलवण्यात त्यांना काय कळलं आणि काय नाही हे मला अजून सांगता येत नाही. पण मला कळलं होतं. रुंदी, घेर, टेकणारी जागा, सगळं खरं होतं, एकही आकडा चुकीचा नव्हता. आणि तरी मी चौदा घेतली ती एवढ्याचसाठी, की तेरा घेतली तर खिळे उतरले असते आणि परतीचा रस्ता बंद झाला असता. चौदा घेतली म्हणून मागच्या पत्र्याच्या खोलीत निळ्या ताडपत्रीखाली ती चार खिळ्यांची चाकं तयार होती. पाऊण तासाचं काम. जॅक लावायचा, नट सोडायचे, चाकं बदलायची.

यात एवढं लपवण्यासारखं काय, असं कोणीही विचारील. एकोणीसशे नव्वद साली साप्पोरोत अर्धं शहर अजून खिळ्यांवरच चालत होतं. खिळ्यांविरुद्धचा कायदा उन्हाळ्यात झाला होता, पण बंदी लागू व्हायला अवकाश होता. टॅक्सीवाले, ट्रकवाले, म्हातारी माणसं, सगळ्यांना अजून मोकळीक होती. फक्त मला नव्हती, कारण मी धुळीवाली बाई. शहराच्या कचेरीत माझं काम म्हणजे शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या गच्च्यांवर ठेवलेल्या काचेच्या बरण्या महिन्याकाठी गोळा करायच्या आणि त्यांत आभाळातून काय पडलं ते वाळवून तोलायचं. जानेवारीत काही नाही. मार्चमध्ये बर्फ वितळून रस्ते उघडे पडतात, गाड्यांचे खिळे मात्र तसेच असतात, आणि मग बरणीच्या तळाशी काळा चिखल बसतो. एप्रिलमध्ये आमच्या शहरात पांढरी चादर बाहेर वाळत घालायची सोय नाही. माणसं तोंडाला फडकं बांधून फिरतात. सोळा वर्षं मी तो चिखल तोलते आहे. ऑगस्टमध्ये गल्लीच्या सभागृहात सभा झाली तेव्हा शेजारणींनी मला बोलायला उभं केलं. मी एक बरणी नेली होती, नुसती दाखवायला. म्हटलं, आपल्या गाड्या रस्ता खातात आणि मग तो रस्ता आपण श्वासातून खातो. हे वाक्य मी आदल्या दिवशी स्वयंपाक करताना तयार केलं होतं आणि ते फार चाललं.  सभा संपल्यावर सतरा घरांनी "आम्ही खिळे सोडले" अशी हिरवी चिकटपट्टी मागून घेतली. पहिली पट्टी माझ्या गाडीच्या मागच्या काचेवर लागली, टाळ्यांच्या गजरात. ती लावताना मला ताडपत्री आठवली होती का? आठवली होती. मी मनाशी म्हटलं, ठेवणं वेगळं आणि लावणं वेगळं.

शिगेकीला ती पट्टी फोनवरून कळली. दर रविवारी आठला त्याचा फोन येतो. "तुझ्या बरण्यांपायी माझी आई घसरायला नको," तो म्हणाला. मी म्हटलं, "तुझ्या आईला दीड वर्ष मीच नेते आहे." "नेतेस म्हणूनच सांगतो. चढ बघ आपला. उत्तरेकडे तोंड आहे, ऊन लागत नाही. खिळे लाव आणि पट्टी काढून टाक, कोण बघतंय?" "सगळे बघतायत." "मग बघू देत. तुला लोकांत मिरवायचंय की आईला जिवंत ठेवायचंय?" असं बोलून तो स्वतःच घाबरला आणि हवामानाची चौकशी करायला लागला. मी फोन ठेवला तेव्हा सासूबाई शेजारच्या खोलीत चहा पीत होत्या. मधला दरवाजा कागदाचा. त्यांनी विचारलं, "जेवतो का नीट?" मी म्हटलं, "जेवतो म्हणे." विषय तिथेच संपला. आमच्या घरात विषय असेच संपतात आणि मग आठवडाभर भिंतीतून फिरत राहतात.

आणि मग गेल्या गुरुवारी ओरिहारांचं झालं. कोपऱ्यावरचे तोफूवाले. सभेनंतर त्यांनी आपल्या छोट्या गाडीचे खिळे काढून टाकले, सतरातलं पहिलं घर ते. गुरुवारी पहाटे रस्त्यावरच्या पावसाच्या पाण्याची काच झाली होती, तिच्यावर गाडी घसरून विजेच्या खांबाला लागली आणि त्यांचं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी ओरिहाराबाई नेहमीसारख्या तोफू घेऊन दारात. मी पातेलं पुढे केलं. त्याच म्हणाल्या, "तुमचं चुकलं असं मी मुळीच म्हणत नाही हं, वहिनी. यांचंच वय झालंय. वेग आवरत नाही." मग पातेल्यातलं पाणी सांडू न देता त्यांनी सहज विचारलं, "तुमच्याकडे तर खिळे नाहीतच ना आता?" "नाहीत," मी म्हणाले. दहा पावलांवर ताडपत्री होती. तोफू त्या दिवशी मी शिजवला, सासूबाईंना वाढला, मला मात्र उतरला नाही. शिव्या दिल्या असत्या त्या बाईंनी तर मी जेवले असते.

रुग्णालयाच्या आवारात काचेवर माझ्याच श्वासाची वाफ जमली होती. नऊ वाजत आले होते. मी हिशेब मांडला, मांडायची सवयच आहे. वर घरी जायचं, चाकं बदलायची, साडेबाराच्या आत परत. कोणी पाहिलं तर पाहिलं. नाही, कोणी पाहिलं तर काय हे मी पुन्हा पुन्हा घोळवत होते. गल्लीच्या तोंडाशी ओरिहारांचं दुकान आहे, कटकटकट आवाज करत त्याच्या समोरून जावं लागणार. पट्टी खरवडून काढावी की तशीच ठेवावी? पट्टी ठेवून खिळे लावणं हे खोटं, पट्टी काढून खिळे लावणं ही कबुली. पण मघाचा तो दीड हात मनातून जाईना. तो दीड हात आज मुळ्यांवर निभावला. गुरुवारी तिथे ट्रक असू शकतो, आणि मागच्या सीटवर पंचेचाळीस किलोची म्हातारी, जिच्या डाव्या हातात कातडीखाली रक्ताची नळी थरथरते. त्या नळीला धक्का लागला तर रक्त थांबत नाही. हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं. हे सगळं माहीत असून मी तक्ते आखत बसले होते. मला स्वतःची शिसारी आली. शिसारी आली की माणूस निदान काहीतरी ठरवतो. मी गाडी सुरू केली.

चढ चढताना मागचं चाक दोनदा जागच्या जागी फिरलं. ओरिहाराबाई दुकानासमोर बर्फ वितळायला मीठ टाकत होत्या, त्यांनी फडकं धरलेला हात उंचावला. मी मान लववली. घरी पोचल्यावर बूट न काढता सरळ मागच्या खोलीकडे गेले. दाराचं कुलूप उघडंच होतं. ताडपत्री ओढली. चारी चाकं एकावर एक रचलेली, वरच्या टायरचा वास ओळखीचा, जुन्या रबराचा आणि रस्त्याच्या मिठाचा. वरचं चाक उतरवायला मी दोन्ही हात लावले आणि टोचण्याच्या तयारीने बोटं आखडली. टोचलं नाही. हातमोजा काढून मी तळवा फिरवला. खिळ्यांच्या जागी नुसती भोकं होती. ओळीने, पूर्ण घेरावर, एकही शिल्लक नाही. दुसरं चाक तसंच. तिसरंही तसंच. चौथ्याचे अर्ध्यापर्यंतचे खिळे जागेवर होते आणि पुढे भोकं सुरू होत होती. खोलीच्या कोपऱ्यात बसायचं बुटकं स्टूल होतं, त्यावर सासूबाईंची जुनी निळी उशी. शेजारी किटली, रबर ऊन पाण्याने मऊ करायला. लांब दांड्याची पक्कड, तिच्या मुठीला चिंधी गुंडाळलेली. आणि तांदळाच्या पापड्यांचा पत्र्याचा डबा. मी तो उचलायला गेले तर वाटला त्याहून जड निघाला. त्यात खिळे होते, साडेतीनशेच्या वर सहज.

मला आधी राग आला. हे खरं सांगते, कारण नंतर जे वाटलं ते सांगायला सोपं आहे. राग असा आला की मी ती पक्कड भिंतीवर फेकली. माझी चाकं, माझी एकुलती पळवाट, आणि न विचारता. शिवाय डावा हात जपायचा, त्याने काही उचलायचं नाही, दाबायचं नाही, हे मी त्यांना रोज बजावते. मग मी स्टुलावर बसले. म्हणजे ज्या दिवशी सुया नसतात त्या दिवशी, मी कचेरीत गेल्यावर, ही बाई इथे येऊन बसत होती. उजव्या हाताने ओढत होती. थंडीत. एक खिळा निघायला मला किती जोर लावावा लागेल ते मी चौथ्या चाकावर करून पाहिलं. मला चार झटके लागले, आणि मी एकेचाळीस वर्षांची. त्या चौऱ्याहत्तर. अर्ध्या खिळ्यांच्या एका चाकाचं आता काही करता येण्यासारखं नव्हतं. चौदा इंची चाकं, आणि कातडी न सोललेले चार टायर, एवढंच उरलं. आणि साडेबाराला त्यांना याच गाडीतून याच चढावर आणायचं. मी दार लावून घेतलं. उतार मी एकटीने पहिल्या गिअरमध्ये उतरले. सिग्नल हिरवा मिळाला, तरी पाय दुखत होता.

साडेबाराला त्या बाहेर आल्या. यंत्रावरून उठलं की त्यांचा चेहरा कागदासारखा होतो. डाव्या दंडाला पट्टी, उजव्या हाताने ती दाबून धरलेली. आम्ही ओसरीतल्या बाकावर बसलो, दहा मिनिटं बसावंच लागतं. त्यांच्या उजव्या हाताची बोटं मी पहिल्यांदा नीट पाहिली. तर्जनीच्या बुडाशी फोड येऊन गेलेली जागा कडक झाली होती. रोज वाढताना, औषध देताना हा हात माझ्यासमोर असतो.

"आई," मी म्हणाले, "खिळे तुम्ही काढलेत?"

"गेली होतीस म्हणजे तू तिथे." त्या मुळीच दचकल्या नाहीत. "सकाळी गाडी सरकली तेव्हाच वाटलं, आज ही जाणार. शेवटचं चाक अर्धं राहिलं बघ. बोटांत जोर उरला नाही. नागोशी म्हणत होता, आजी, मी काढून देतो. म्हटलं नको, तू पक्कड तेवढी दे. तुझ्या पोटात काही राहत नाही."

"पण का काढलेत?"

"सभेत तूच सांगितलंस ना. मी मागे बसले होते, ऐकू अर्धंच आलं, पण बरणी दिसली."

"आई, खरं सांगा."

त्यांनी पट्टीवरचा अंगठा थोडा सरकवला. "चौदाचे तक्ते आखायला बसलीस तेव्हाच कळलं मला. इतके तक्ते कोण आखतं, कियोए? ज्याला ठरवायचं नसतं तो. ते खिळे राहिले असते तर आज तू ते लावले असतेस."

"लावलेच असते. तुमच्यासाठीच लावले असते."

"माझ्यासाठीच. आणि मग त्या ओरिहाराच्या दारावरून कटकट वाजवत गेली असतीस, आणि तो हात गळ्यात बांधून बघत बसला असता. मी काय, अजून दोनचार वर्षांची. तुला त्या गल्लीत म्हातारं व्हायचंय."

"आणि सकाळी ती मुळेवाली बाई गाडीखाली आली असती म्हणजे?"

"मुळे मात्र चांगले होते," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज उतरला. "त्या कातडीचं मला माहीत नव्हतं. नागोशीने काल सांगितलं. आधी माहीत असतं तर तुला लवकर हाकललं असतं दुकानात."

 बाहेर टॅक्सी लागल्या होत्या. उन्हाने मोठा रस्ता कोरडा झाला होता आणि प्रत्येक येणाऱ्या टॅक्सीचे खिळे डांबरावर कटकटत होते. सोळा वर्षांत तो आवाज मला कधी चांगला वाटला नव्हता. आज मला वाटलं, उठावं आणि त्यातल्या एकीचं दार उघडावं. मी म्हणाले, "मला भीती वाटतेय, आई. तुम्ही टॅक्सीने चला. त्यांना खिळे आहेत. मी मागून गाडी घेऊन येते."

"म्हणजे मी टॅक्सीत बसून वळून वळून बघायचं, तू येतेस की नाही. माझी मान नाही तेवढी चांगली." त्यांनी थोडा वेळ टॅक्सींकडे पाहिलं. "किती चालवावी लागते म्हणाला तो?"

"दोनशे."

"झाली किती?"

"पंचेचाळीस."

"ओतारू जाऊन येऊन?"

"ऐंशीच्या आत."

"मोठा रस्ता कोरडा आहे ना? चल मग. आज ओतारू, उद्या तू एकटी कुठेतरी जा. परवापर्यंत होईल. मला काय, पलंगावर पडायचं ते गाडीत पडेन."

"मला दोनला कचेरी आहे."

"फोन कर. सांग, सासूला बरं नाही."

"खोटं सांगू?"

"खोटं कसलं? तीन वर्षं बरं नाही मला."

मी फोन केला. परत आले तर त्या गाडीपाशी उभ्या होत्या, मागच्या नाही, पुढच्या दाराशी. मागे बसलं की आज मळमळतं म्हणाल्या. मी सीट मागे कलती केली, पायांवर घोंगडी घातली, पट्टा डाव्या हाताला लागणार नाही असा बसवला. दोनतीनदा तपासला. त्या म्हणाल्या, "समुद्र जाताना तुझ्या बाजूला येईल, परतताना माझ्या. तेव्हा उठव." आणि त्यांनी डोळे मिटले.

ताशी चाळीसने मी निघाले. मागच्या गाड्या जमल्या की बाजूला घ्यायचं, त्यांना जाऊ द्यायचं, पुन्हा निघायचं. रस्ता कोरडा, कडेला मळका बर्फ. घरांच्या सावल्या जिथे रस्त्यावर पडल्या होत्या तिथे पट्ट्यापट्ट्यांनी ओल चमकत होती, आणि प्रत्येक पट्टा आला की माझी मान आखडत होती. टायरखाली काय होतंय हे ऐकायचा मी प्रयत्न करत होते. काहीच ऐकू येत नव्हतं. ते घासले जात असतील, केसाएवढे, त्याहूनही कमी, आणि तो घासलेला थरही कुठल्यातरी गच्चीवरच्या बरणीत जाऊन पडेल. त्याने काय होतं, ते मला त्या दिवशी माहीत नव्हतं. मी फक्त आकडा बघत होते. सत्तावन्न. एकसष्ट. सासूबाई शांत होत्या, छाती सावकाश वरखाली होत होती, तोंड किंचित उघडं. झोप लागली म्हणून मला बरं वाटलं. या बाईला भीती म्हणून काही नाहीच, असंही वाटलं, आणि त्याचा थोडा हेवाही वाटला. सभेत ऐकलं, पटलं, खिळे उपटले, गाडीत बसली. मी आपली चारी बाजूंनी जिवाला कुंपण घालत बसणारी.

समुद्र लागला. उजवीकडे करडा, सपाट. एका कोळीवाड्याशी सिग्नल लाल झाला. रस्त्यावर कड्याची सावली होती आणि सावलीत ओल. मी लांबूनच ब्रेकवर पाय ठेवला, एकदा, सोडला, पुन्हा. गाडी मंदावली. त्यांचा सीटचा पट्टा सरकला का ते पाहायला मी डावीकडे बघितलं तेव्हा घोंगडी त्यांच्या गुडघ्यांवरून घसरलेली दिसली. त्यांचा उजवा पाय ताठ होता. बुटाचं टोक समोरच्या चटईत रुतलं होतं आणि पोटरीचा स्नायू पायमोज्यातून दिसावा इतका घट्ट झाला होता. मी ब्रेक सोडला, तो पाय सैल झाला. मी दाबला, तो दाबला गेला. डोळे मिटलेले, श्वास झोपेतला, चेहऱ्यावर काही नाही. दीड वर्ष त्या माझ्या मागे बसत होत्या आणि मला आरशात फक्त टोपी दिसत होती. आज सकाळीही तेवढीच दिसली होती.

गाडी पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे हातभर थांबली. त्यांचा पाय मात्र तसाच दाबलेला होता.

"थांबली, आई," मी म्हणाले.

डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "हो ना?" आणि मग त्यांनी पाय उचलला.